दोन सऱ्या तशाच सोडा: रोजच्या निर्णयांत विज्ञानाची पद्धत (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मी सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यात एका शाळेत विज्ञान शिकवतो. घरी ऊस आणि थोडी हळद आहे. पालक, माजी विद्यार्थी, भावकीतली मंडळी यांच्याकडून गेली काही वर्षं फिरून फिरून तेच प्रश्न येतात, म्हणून ते एका जागी उतरवले. आधी साधे, मग अडचणीचे. एकदा सांगितलेलं पुन्हा सांगितलेलं नाही, तिथं फक्त प्रश्नाचा क्रमांक दिलाय. जिथं 'समजा' म्हटलंय तिथले आकडे हिशोब कळावा म्हणून घेतलेत.

१. सर, वैज्ञानिक विचार म्हणजे नक्की काय? मी तर दहावीनंतर सायन्स सोडलं.

त्यासाठी सायन्स साइड लागत नाही. एखादी गोष्ट खरी वाटली की स्वतःला विचारायचं: हे खोटं असेल तर मला काय दिसलं असतं? आणि ते बघायला खरोखर जायचं. बाकीचं सगळं, म्हणजे मोजमाप, तुलना, नोंद, या एका प्रश्नाच्या मागून येतं. मोटरसायकल नव्या तेलानं जास्त अॅव्हरेज देते असं वाटतंय? मग टाकी काठोकाठ भरा, किलोमीटर लिहा, पुन्हा काठोकाठ भरताना किती लिटर बसलं ते बघा. तेल बदलण्याआधी तीनदा, बदलल्यावर तीनदा, शक्यतो रोजच्याच रस्त्यावर. हा पूर्ण प्रयोग झाला.

२. प्रत्येक गोष्टीला एवढं करत बसायला वेळ कुठाय?

करूच नका. जो निर्णय चुकला तर उद्या बदलता येतो, तो पटकन घ्या. भाजी कुठल्या दुकानातून आणायची याला वही लागत नाही. जो बदलता येत नाही (जमीन विकणं, ऑपरेशन, पोराचं कॉलेज) किंवा जो दर वर्षी पैसे खातो (खत, औषध, विमा) त्याच्यासाठी वेळ काढा.

३. उसाला नवीन टॉनिक मारलं आणि महिन्यात ऊस डोळ्यांदेखत वाढला. हा पुरावा नाही का?

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर.

टॉनिक कधी मारलं? बहुतेक जण सांगतात, बांधणी झाल्यावर, पावसाच्या तोंडावर. त्या दिवसांत ऊस तसाही झपाट्यानं उंच होतो. युरियाचा हप्ताही तेव्हाच पडलेला असतो. मग वाढ पावसाची, युरियाची की टॉनिकची, हे नुसतं बघून कुणालाच सांगता येणार नाही. टॉनिकवाल्यालाही नाही.

उपाय एकच: काही सऱ्या तशाच सोडा. आमच्या रानात मी केलं ते असं. बांधाकडच्या सऱ्या घेतल्या नाहीत, कारण तिथं ऊन जास्त मिळतं आणि ऊस उगाच जोरात दिसतो. पाटाच्या तोंडाकडच्याही सोडल्या, तिथं पाणी जास्त मुरतं. मधल्या भागातून शेजारशेजारच्या दोन-दोन सऱ्यांच्या तीन जोड्या धरल्या. प्रत्येक जोडीत कुठल्या सरीला टॉनिक ते नाणं उडवून ठरवलं. खत, पाणी, भांगलण सगळीकडं सारखं. कुठल्या सरीला मारलंय ते कागदावर लिहून कागद घरी ठेवला. तोडीच्या वेळी प्रत्येक सरीतले दहा-दहा ऊस मोळी बांधून काट्यावर घातले. मोजणाऱ्या पोराला कुठली मोळी कशाची हे माहीत नव्हतं.

टॉनिकच्या मोळ्या: १७.२, १८.९, १६.७ किलो. सरासरी १७.६. बिनटॉनिकच्या: १७.८, १८.१, १६.६ किलो. सरासरी १७.५.

शंभर ग्रॅमचा फरक दिसला की टॉनिक जिंकलं असं म्हणायचा मोह होतो. पण बिनटॉनिकच्या सऱ्यांकडंच बघा. त्यांच्यात एकालाही काही मारलेलं नाही, तरी १६.६ आणि १८.१ मध्ये दीड किलोचं अंतर आहे. रान आपसूक दीड किलो वरखाली होत असेल, तर शंभर ग्रॅमवरून टॉनिकबद्दल काहीच म्हणता येत नाही. अशी सहा मोळ्यांची चाचणी मोठा फरक पकडते, बारीक फरक तिच्यातून निसटतो. म्हणून टॉनिकचा खर्च निघतो की नाही, हे एवढ्यावरून ठामपणे सांगता येत नाही. खूप मोठी वाढ असती, तर ती मात्र काट्यावर दिसली असती.

४. नाणं कशाला? कुठली सरी चांगली ते मला माहीत आहे, मीच निवडतो की.

माहीत आहे म्हणूनच निवडायची नाही. टॉनिकवर विश्वास असला की हात नकळत चांगल्या सरीकडं जातो, राग असला की कमकुवत सरीकडं. ही गोष्ट रोनाल्ड फिशर या संख्याशास्त्रज्ञानं पद्धतशीर मांडली. १९१९ मध्ये तो इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड या शेती संशोधन केंद्रात रुजू झाला, आणि कुठल्या वाफ्याला कुठलं खत हे चिठ्ठी टाकून ठरवायची रीत त्यानं तिथल्या कामातून घालून दिली. आज नवीन औषधाची माणसांवर चाचणी घेताना कुणाला औषध आणि कुणाला नुसती गोळी हे याच तत्त्वावर ठरतं. दवाखान्यातली ही पद्धत मुळात रानातून आलेली आहे, हे मी वर्गात दर वर्षी सांगतो. शेतकऱ्यांची पोरं तेवढ्यापुरती ताठ बसतात.

५. म्हशीचं दूध एकदम घटलं, नवीन पेंड सुरू केली, आठवड्यात दूध परत आलं. आता तरी मान्य?

दूध रोज थोडं वरखाली होतंच. आपण पेंड बदलतो कधी? ज्या दिवशी ते अगदी तळाला गेलेलं असतं तेव्हा. तळाला गेलेली गोष्ट बहुतेकदा नंतर आपोआप नेहमीच्या पातळीवर येते, मग पेंड बदला, अंगारा लावा किंवा काहीही करू नका. तापाचं, पाठदुखीचं, चाचणी परीक्षेत कमी पडलेल्या मार्कांचं असंच आहे. पोराला मार्क कमी पडले म्हणून ओरडलो, पुढच्या वेळी वाढले, म्हणजे ओरडणं लागू पडलं असं आपण धरतो. त्यात पोराचं नुकसान होतं, म्हणून या चुकीचं मला फार वाईट वाटतं.

गोठ्यात एक वही टांगा आणि रोजचं दूध लिहा. पेंड बदलण्याआधीचा आणि नंतरचा पूर्ण महिना समोर असला की कळतं. दोन म्हशी असतील तर एकीलाच द्या (प्रश्न ३). आणि दूध अचानक निम्म्यावर आलं तर प्रयोग करत बसू नका, जनावरांच्या डॉक्टरांना बोलवा. तो दगडी (कासेचा आजार) असू शकतो.

६. घरातल्या बायकांना करता येईल असा एखादा प्रयोग सांगा ना.

दोन सांगते तसे करून बघा, असं माझी बायको म्हणाली. दोन्ही तिनं केलेले आहेत.

पहिला हळदीचा. दोन काचेच्या ग्लासांत पाणी घ्या. एकात घरची, गिरणीतून दळून आणलेली हळद चमचाभर, दुसऱ्यात विकतची. ढवळू नका, दहा-पंधरा मिनिटं थांबा. शुद्ध हळद तळाला बसते आणि वरचं पाणी फिकट पिवळं राहतं. रंग मिसळलेला असेल तर पाणी गडद पिवळं होतं. घरच्या हळदीचा ग्लास शेजारी हवाच, नाहीतर 'गडद' म्हणजे किती गडद हे कशावरून ठरवणार? ही चाचणी ढोबळ आहे. शिसं असलेल्या रंगाची खरी खात्री प्रयोगशाळेतच होते.

दुसरा चहाचा. आमच्याकडं वाद होता की महागाच्या गुळाचा चहा चवीला ओळखू येतो. आठ कप केले, चार महागाच्या गुळाचे, चार साध्या. कपाच्या बुडाला खुणा, क्रम चिठ्ठीनं. ओळखणाऱ्यानं चार कप वेगळे काढायचे. नुसत्या अंदाजानं चारही बरोबर यायची शक्यता ७० मध्ये १. हा प्रयोगही फिशरचाच, त्याच्या १९३५ च्या पुस्तकातला. तिथं एका बाईंचं म्हणणं होतं की कपात दूध आधी घातलंय की चहा, हे चवीवरून कळतं. आमच्या घरी सासूबाईंनी चारही ओळखले. तेव्हापासून तो गूळ येतो.

७. पाणाड्यानं दाखवलेल्या जागीच पाणी लागलं. याला काय म्हणणार?

पाणाडी म्हणजे हातावर नारळ धरून पाण्याची जागा सांगणारा. जत, आटपाडी, माण, खटावकडून हा प्रश्न येतो, आणि विचारणाऱ्यानं बोअरसाठी कर्ज काढलेलं असतं. त्यामुळं तो हसण्यावारी नेण्याचा नाही.

समजा, तुमच्या शिवारात डोळे मिटून कुठंही बोअर मारली तरी दहापैकी सात ठिकाणी थोडंफार पाणी लागतं. मग पाणाड्याच्या दहापैकी सात बोअरना पाणी लागलं, तर नारळानं नवीन काय सांगितलं? आधी गावातल्या सगळ्या बोअरची यादी करा: पाणाड्यानं दाखवलेल्या किती, न दाखवलेल्या किती, प्रत्येकीत किती लागल्या. कोरड्या गेलेल्या बोअर यादीत येतील याची काळजी घ्या, कारण त्यांच्या गोष्टी पारावर कुणी सांगत नाही.

दुसरी चाचणी फुकटात होते. त्यांना पाच जागा दाखवू द्या, मोजून लिहून ठेवा, खुंट्या काढून टाका. मग डोळ्यांवर पट्टी बांधून दुसऱ्या बाजूनं त्याच रानातून न्या. नारळ त्याच पाच जागी उभा राहतो का? किंवा दोन पाणाडी वेगवेगळ्या दिवशी बोलवा आणि जागा जुळतात का बघा.

आपल्याकडचा खडक बेसाल्ट. त्यात पाणी खडकाच्या भेगांत आणि वरच्या झिजलेल्या मुरमाच्या थरात असतं. म्हणून शेजारच्या विहिरींची पातळी, ओढ्याची दिशा, उताराचा अंदाज याला महत्त्व आहे. जुने पाणाडी हे सगळं नजरेनं टिपत असतील आणि त्यांना थोडं कळतही असेल, पण मग ते कळणं नजरेचं असतं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात आधी चौकशी करा.

८. बोअर तीनशे फूट गेली, पाणी नाही. आता थांबलो तर सगळा पैसा बुडाला ना?

तो पैसा थांबलात तरी गेला, पुढं गेलात तरी गेला. आता विचार फक्त पुढच्या शंभर फुटांचा: त्याला किती खर्च, आणि आजूबाजूला त्या खोलीवर कुणाला पाणी लागलंय का? मशीन रानात उभं असताना हा विचार सुचत नाही. म्हणून कुठवर जायचं तो आकडा आदल्या दिवशी ठरवून बायकोला किंवा भावाला सांगून ठेवा.

९. आमच्याकडं साप चावल्यावर मंत्रानं उतरवतात आणि माणसं बरी होतात. आम्ही डोळ्यांनी बघितलंय.

शिराळ्याच्या बाजूनं हा प्रश्न नागपंचमीच्या आसपास येतोच. बघितलेलं खोटं नाही. बहुतेक साप बिनविषारी असतात. विषारी सापसुद्धा काही वेळा विष न सोडताच चावतो. हे सगळे लोक मंत्र नसता तरी बरे झाले असते, आणि तेच मांत्रिकाच्या खात्यावर जमा होतात. ज्याच्या अंगात खरंच विष गेलं, त्याचं काय झालं ते पारावर येत नाही (प्रश्न ७ मधल्या कोरड्या बोअरसारखं).

इथं प्रश्न ३ ची पद्धत वापरायची नाही. काही माणसांना मंत्र, काहींना लस, असली तुलना करायची वेळच नाही, कारण नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांच्या विषावर सर्पविषप्रतिबंधक लस चालते हे आधीच सिद्ध झालंय. मण्यार रात्री झोपेत चावते, खूण नीट दिसत नाही, फारसं दुखतही नाही, आणि तरी जीव जातो. माणसाला चालवू नका, हात किंवा पाय हलू देऊ नका, कापू नका, चोखू नका, दोरी आवळू नका. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीनं दवाखाना गाठा. देवाचं नाव गाडीत घेता येतं.

१०. हवामान खात्यानं ६० टक्के सांगितलं आणि थेंब पडला नाही. मग ऐकायचं कशाला?

६० टक्के म्हणजे अशा दहा दिवसांपैकी सहा दिवस पाऊस, चार दिवस कोरडे. तुमचा दिवस त्या चारांतला होता. अंदाज चांगला की वाईट हे एका दिवसावरून ठरत नाही. दिनदर्शिकेवर रोज दोन आकडे लिहा: सांगितलं किती, पडला का. चार महिन्यांनी मोजा.

आणि टक्का कमी असला तरी निर्णय तुमच्या नुकसानीवर ठरतो. समजा, शिजवलेली हळद खळ्यावर वाळत पडलीय, अवकाळीची शक्यता ३० टक्के. ताडपत्री आणि मजुरी ५०० रुपये, भिजली तर २०,००० चं नुकसान. दहापैकी तीन वेळा २०,००० म्हणजे सरासरी ६,०००. ५०० घालून झाकणं स्वस्त. सात वेळा ताडपत्री 'वाया' जाईल, आणि शेजारी हसतील. ती वाया गेलेली नसते.

११. पुराचा इशारा आला की दर वेळी घर सोडायचं का? दर वेळी पाणी येत नाही.

सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट धोका पातळी. माझ्या मामांचं घर गावभागात. २००५ च्या पुरात पाणी पुलापाशी ५३ फुटांच्या वर गेलं होतं. ते घरात जिथवर चढलं तिथं मामांनी निळ्या ऑइलपेंटनं भिंतीवर रेघ मारली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी सगळं सामान त्या रेघेच्या हातभर वर रचलं: धान्याची पोती, मामीची शिलाई मशीन, मुलांची सर्टिफिकिटं. सामान रचून झाल्यावर ते निर्धास्त होते. पाणी पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेलं, म्हणजे मागच्या वेळेपेक्षा तीन फुटांहून जास्त. सर्टिफिकिटांचा लगदा झाला. ती पिशवी आम्ही उन्हात वाळत घातली होती, पानं सुटी करायला गेलं की हातात यायची.

मामा अडाणी नव्हते. त्यांनी मोजलं होतं, नोंद ठेवली होती. चूक एवढीच की आजवरचं सगळ्यात मोठं पाणी हेच यापुढचं सगळ्यात मोठं असं धरलं. २००५ च्या आधीही कुणीतरी अशी रेघ मारलेली असणार. कागदपत्रं, जनावरं, म्हातारी माणसं यांना हलवायचा खर्च प्रश्न १० प्रमाणं मांडा. इथं दुसऱ्या पारड्यात जीव आहे, त्यामुळं पाचदा उगाच हललात तरी हिशोब हलण्याच्याच बाजूनं येतो.

१२. व्हॉट्सअॅपवर येतं, 'कोयनेतून रात्रीत ५० टीएमसी सोडलं'. खरं-खोटं कसं कळणार?

एक आकडा पाठ करा: सुमारे ११,५७४ क्युसेक (सेकंदाला तेवढे घनफूट) पाणी सलग २४ तास सोडलं की १ टीएमसी (एक अब्ज घनफूट) होतं. म्हणजे १२ तासांत ५० टीएमसी सोडायला साडेअकरा लाख क्युसेकच्या वर विसर्ग लागेल. कोयनेच्या दरवाजांतून एवढं पाणी निघूच शकत नाही, आणि १०५.२५ टीएमसीचं धरण एका रात्रीत निम्मं रिकामं होत नाही. निरोप खोटा. पण म्हणून गाफील राहू नका, पाटबंधारे विभागाचा त्या दिवसाचा विसर्ग बघा.

पाटणकडून येणारा 'अमुक तारखेला भूकंप' हा निरोप त्याहून सोपा. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप लोकांच्या मनातून गेलेला नाही, त्यामुळं भीती खरी आहे. पण भूकंपाचा दिवस आधी सांगणारी पद्धत आज जगात कुणाकडंही नाही. तारीख दिसली की निरोप तिथंच थांबवा.

१३. शिबिरात तपासणी केली, 'दोष' निघाला. तपासणी तर अचूक आहे म्हणतात. म्हणजे झालाच ना?

घाबरण्याआधी मोजा. समजा, १,००० लोक तपासले, खरा आजार त्यातल्या १० जणांना. तपासणी त्या १० पैकी ९ पकडते, आणि १०० निरोगी माणसांत ५ जणांवर चुकून शिक्का मारते. उरलेल्या ९९० मध्ये असे चुकून शिक्का बसलेले जवळजवळ ५०. एकूण ५९ जणांना 'दोष', खरे आजारी ९. म्हणजे सहा-सात जणांमागं एक. म्हणून डॉक्टर दुसरी, वेगळी तपासणी सांगतात. ती जरूर करा. चिठ्ठी फाडून टाकणं आणि लगेच महागडा उपचार सुरू करणं, दोन्ही चूक. तुम्हाला त्रास जाणवत असेल, किंवा घरात तो आजार असेल, तर हिशोब बदलतो आणि आजार खरा असण्याची शक्यता वाढते.

१४. म्हणजे आमच्या आजोबांना काही कळत नव्हतं का?

पुष्कळ कळत होतं. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवं घ्या. जमिनीत खोल खड्डा, तोंड अरुंद, आत हळद, वरून मातीनं बंद. हळद टिकायची आणि कीड लागत नसे. बंद जागेत प्राणवायू घटतो आणि कीड जगत नाही, हे कारण आज सांगता येतं. पेव उघडल्यावर लगेच कुणी आत उतरत नसे, तेही त्याच कारणानं. वर्षानुवर्षं हळद कीड न लागता बाहेर आली, हीच त्या पद्धतीची परीक्षा. जुनं सगळं असं तपासून उतरत नाही. 'आजोबा करायचे' हे तपासायला घेण्यासाठी उत्तम कारण आहे, तपासणी टाळायचं कारण नाही.

१५. पोरीच्या लग्नाला पत्रिका बघू की नको? घरात वाद आहे.

निर्णय तुमचा. त्याआधी एक चाचणी माहीत असू द्या. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर यांनी साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि इतर सहकाऱ्यांबरोबर २००८ मध्ये ती घेतली. १०० हुशार मुलांच्या आणि १०० मतिमंद मुलांच्या कुंडल्या जमवल्या. ज्योतिषांना त्यातल्या ४०-४० कुंडल्या दिल्या आणि कुठलं मूल कुठल्या गटातलं ते सांगायला सांगितलं. २७ ज्योतिषांची उत्तरं आली. सरासरी बरोबर उत्तरं निम्म्याहून थोडी कमी, म्हणजे नाणं उडवून जेवढी आली असती साधारण तेवढीच.

माझं मत विचाराल तर: पत्रिकेला लागणारा वेळ मुलाचं व्यसन, कर्ज, रक्ततपासणी, आणि त्याच्या घरात सुनेला कसं बोलतात हे बघण्यात घालवा. शक्य असेल तर न सांगता दुपारी जा. आणि पोरीला विचारा.

१६. प्रयोग केला, आकडे आले, तरी घरचे ऐकत नाहीत. काय करू?

प्रश्न ३ मधले आकडे मी घरी आमच्या आण्णांना दाखवले तेव्हा ते म्हणाले, "एका वर्षाचं काय सांगतोस? गेल्या साली पाऊस कसा होता ते आठव." मला आधी राग आला. रात्री पडल्यापडल्या लक्षात आलं की त्यांचं म्हणणं बरोबर होतं. एक वर्ष, एक रान, सहा मोळ्या. मीच दुसऱ्या कुणाला हेच विचारलं असतं.

तेव्हापासून निकाल सांगण्याआधी मी विचारतो: काय दिसलं तर तुमचं मत बदलेल? ते आधी लिहून घेतो आणि माझंही लिहितो. आण्णांनी लिहिलं, 'खोडव्यातपण फरक नसला तर टॉनिक बंद.' (खोडवा म्हणजे तोडीनंतर त्याच बुडख्यातून पुन्हा फुटलेला ऊस.) मी लिहिलं, 'तिन्ही जोड्यांत टॉनिकची मोळी दोन किलोनं जड निघाली तर पुढच्या वर्षी सगळ्या रानाला मारणार.' कागद देवघरातल्या फळीवर आहे. यंदा खोडव्याला नाणं त्यांनीच उडवलं. तोड व्हायची आहे, काटा झाला की मोळ्यांची वजनं प्रश्न ३ खाली लिहितो.